आहे का, एवढंच विचारलं होतं

एखादी वस्तू आहे की नाही, एवढंच मला बघायचं होतं. ती आणायची नव्हती, उचलायची नव्हती, दुरुस्तही करायची नव्हती. बीडमध्ये हे काम कुणीही उभ्या उभ्या करतो. दारात जायचं आणि "हाय का घरात?" म्हणून आवाज द्यायचा. आतून "हाय" आलं तर चप्पल काढायची. "न्हाई, आष्टीला गेलेत" आलं तर चप्पल न काढता मागं फिरायचं. आणि आतून काहीच आलं नाही, तर माणूस आहे पण जेवायला बसलाय असं समजून ओट्यावर टेकायचं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या पद्धतीत मी संगणक घातला, आणि पुढचे अकरा दिवस माझ्या अब्रूची जी दशा झाली ती आता सांगतो.

मी सोमेश्वर. बीडात गेली वीस वर्षं माझं टायपिंग आणि संगणक केंद्र आहे. पाटीवर 'संगणक तज्ज्ञ' असं लिहिलंय. ते मीच रंगाऱ्याला सांगून लिहून घेतलं हे खरं असलं, तरी आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. गावातल्या निम्म्या कचेऱ्यांतले कारकून माझ्या हाताखाली शिकून गेलेत. जे अजून एका बोटानं टाईप करतात ते माझे विद्यार्थी नव्हेत, हे जाता जाता नमूद करतो.

मार्च महिन्यात मला पुण्याच्या एका संस्थेचा मेल आला. या संस्थेची माणसं दोन हजार चार साली आमच्या भागात आली होती. जुन्या माणसांच्या गोष्टी, गाणी, जनावरांचं औषधपाणी, असं सगळं कॅसेटवर भरून घेत ती आठ महिने गावोगाव हिंडली. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि त्यांचा 'स्थानिक सहायक' होतो. म्हणजे रस्ता दाखवायचा, टेपरेकॉर्डरच्या सेलची पिशवी उचलायची आणि रजिस्टर लिहायचं. एकंदर चारशे बारा कॅसेटी झाल्या. पुढं त्या पुण्यात संगणकावर चढवल्या. आता मेलमध्ये लिहिलं होतं की एकतीस मार्चला तो सर्व्हर कायमचा बंद होत आहे. ज्या माजी सहकाऱ्यांना काही हवं असेल त्यांनी सर्व्हरवर प्रत्यक्ष असलेल्या फायलींची यादी विहित नमुन्यात पाठवावी. यादीत एक जरी नसलेली फाईल आढळली तर संपूर्ण अर्ज रद्द समजण्यात येईल.

एरवी असा मेल मी वाचून सोडून दिला असता. पण कपाटावरचं जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, आणि मधल्या एका पानावर माझंच अक्षर दिसलं. '२१७. छबुबाई, पाली.' छबुबाई म्हणजे माझी आई.

आईचा आवाज जाऊन सोळा वर्षं झाली. घशाचं ऑपरेशन झालं, आई खडखडीत बरी होऊन घरी आली, आवाज मात्र दवाखान्यातच राहिला. आणि आवाज तरी कसला! आमचं घर धनगराचं. पालीत बिंदुसरा धरणाच्या काठावर उभी राहून आईनं हाळी दिली की पलीकडच्या काठाला चरणारी मेंढरं माना वर करायची. त्या काळात आमच्या घरात आवाज भरून घेणारा मोबाईल नव्हता. आवाज असा भरून ठेवायचा असतो हे तरी कुणाला माहीत होतं? घरातलं पाणी संपेल असं जसं धरणाकाठच्या माणसाला वाटत नाही तसं आम्हाला आईच्या आवाजाबद्दल वाटायचं.

माझी मुलगी ऋतुजा तेव्हा दोन वर्षांची होती. आता कॉलेजात आहे, पण आजीचा आवाज तिला माहीत नाही. तिला आजीच्या टिचक्या माहीत आहेत. माझे चुलते, धुळाजीनाना, पालीत शेजारीच राहतात. ते आईच्या तोंडापुढं फोन धरतात आणि आई फोनच्या काचेवर नखानं टिचकी मारते. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे पुरे झालं, ठेव आता. "बाबा, आजीचा आवाज कसा होता हो?" असं ऋतुजानं एकदा विचारलं, तेव्हा मी हाळी देऊन दाखवली. आतून माझी बायको संगीता पळत आली आणि म्हणाली, "काय पडलं?"

तर फाईल क्रमांक दोनशे सतरा सर्व्हरवर आहे का, एवढाच प्रश्न होता. पण म्हटलं, विचारायचंच तर सगळ्या चारशे बारांबद्दल विचारू. कितीतरी म्हातारी माणसं आहेत त्यात, त्यांच्याही घरी कुणी ऐकणारं असेल. माझ्याकडं जुनं लॉग-इन होतं आणि विशेष म्हणजे ते अजून चालत होतं. एकेक फाईल हातानं बघणं हे कारकुनी काम. संगणक तज्ज्ञ अशा वेळी प्रोग्रॅम लिहितो.

आमचे शेजारी धर्मराजकाका ओट्यावरच बसले होते. ते सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेत आणि फाईल या विषयावर दुसऱ्या कुणी बोललेलं त्यांना खपत नाही.

"सोमेश्वरराव, तुमी मुळात चुकताय," ते म्हणाले. "फाईल हाय का, असं कधी इचारायचंच नसतंय. हाय का म्हटलं की समोरचा न्हाई म्हणून मोकळा. फाईल कुठं हाय, असं इचारायचं. मग त्याला उठावं लागतंय."

"काका, तिथं कारकून नाही, सर्व्हर आहे."

"मंग त्याला बी उठवा," काका म्हणाले.

प्रोग्रॅम लिहायचा तर लायब्ररी लागते. ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे. दुसऱ्या कुणी आधीच लिहून ठेवलेलं काम आपण फुकटात वापरायचं, त्याला आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. मला इंटरनेटवर एक मिळाली. दूरच्या संगणकावर एखादी फाईल आहे का, हे एका ओळीत विचारता येतं, अशी तिची जाहिरात होती. सगळी यादी द्या असं तिला म्हणता येत नव्हतं. एकेक नाव घेऊनच विचारावं लागे. तिचं नाव मी इथं देत नाही. लिहिणाऱ्यालाही लेकरंबाळं असतील.

दुपारी केंद्रातली मुलं गेल्यावर मी एक ते चारशे बारा असे सगळे नंबर विचारणारा प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर उत्तरं येऊ लागली. पहिली फाईल, शून्य. दुसरी, शून्य. तिसरी, शून्य. मी दोनशे सतराची वाट बघत खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. दोनशे सतरा, शून्य. त्यानंतर चारशे बारापर्यंत शून्यांची रांग लागली.

शून्य म्हणजे काय हे ज्याला ते गणितात पडलंय त्याला सांगावं लागत नाही. मी केंद्राचं शटर ओढलं आणि घरी आलो. माझा चेहरा बघून संगीतानं काही न विचारता पाणी दिलं. अर्ध्या तासात बातमी गल्लीभर झाली. धर्मराजकाका आले, रीतीप्रमाणं पाच मिनिटं काही न बोलता बसले, मग घसा खाकरून म्हणाले, "कसं झालं?"

"सर्व्हरवर एकही नाही, काका."

"आजारी हुता का सर्व्हर?"

"या महिनाअखेर बंदच पडणार होता."

"मंग सुटला म्हणायचा," काका म्हणाले आणि आणखी पाच मिनिटं बसले.

दुसऱ्या दिवशी ऋतुजानं त्या लायब्ररीची माहितीपत्रिका उघडली. मी ती वाचली नव्हती. तज्ज्ञ माणसाला माहितीपत्रिका वाचावी लागणं हे आचाऱ्यानं पाकिटावरची कृती वाचण्यासारखं आहे असं माझं मत होतं. ऋतुजानं वाचून दाखवलं की उत्तर शून्य आलं तर काहीही बिघडलेलं नाही, फाईल आहे असं समजावं. एक आलं तर काहीतरी बिघडलं आहे.

शून्य म्हणजे आहे! आमच्या शाळेत शून्य मिळालेल्या कुणालाही घरी जाऊन 'काहीही बिघडलेलं नाही' असं म्हणायची सोय नव्हती. पण त्या घडीला मला त्या लायब्ररीवाल्याची गळाभेट घ्यावीशी वाटली. चारशे बाराच्या चारशे बारा फायली शाबूत होत्या! मी कोपऱ्यावरून पेढे आणले. काल सांत्वनाला आलेले सगळे आज पेढ्याला आले. आणि मी पालीला फोन लावला.

"नाना, आईला द्या. आई, तुझा आवाज सापडला गं. कॅसेटवाला. पुण्यात आहे. मी आणतोय."

आधी एक टिचकी आली. मग आणखी एक, मग इतक्या आल्या की मला मोजता येईनात, आणि मागून नानांचा आवाज आला, "वैनी, थांबा की, काच फुटंल!"

पेढा खाऊन झाल्यावर धर्मराजकाका बोटं पुसत म्हणाले, "सोमेश्वरराव, एकतीस वर्षं नौकरी केली मी. ज्या कारकुनानं कधीच न्हाई म्हटलं न्हाई, त्याच्यावर माझा इश्वास न्हाई."

"म्हणजे?"

"चारशे बारात एक बी गहाळ न्हाई? लई झालं. जी फाईल न्हाईच, तिच्याबद्दल इचारून बघा बरं. माझ्या सासऱ्याचं गाणं इचारा."

"ते गायचे?"

"त्या माणसानं जन्मात गुणगुणलं बी न्हाई. म्हणून तर इचारा म्हणतोय."

मी हसत हसत विचारलं. शून्य. म्हणजे धर्मराजकाकांच्या सासऱ्यांचं गाणं पुण्याच्या सर्व्हरवर होतं. काकांचा चेहरा उतरला. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर सासऱ्याबद्दल असं काही कळणं सोपं नसतं.

संगीता दारातून म्हणाली, "आमची किसणी पण विचारा. दिवाळीपासून सापडत नाही."

मी किसणी विचारली. शून्य. किसणीही पुण्यात होती.

आता मात्र मी माहितीपत्रिका स्वतःच्या हातानं उघडली आणि पार तळाशी, मुंगीच्या अक्षरात, मला ती ओळ सापडली. विचारलेली फाईल नसल्यास वापरणाऱ्याच्या सोयीसाठी त्या नावाची रिकामी फाईल तयार केली जाईल.

सोयीसाठी! म्हणजे कुणाच्या दारात जाऊन "हाय का घरात?" म्हणून विचारायचं, आणि कुणी नसलं तर आपणच आत जाऊन त्याच्या बाजेवर बसायचं आणि "हाय" म्हणून ओ द्यायची. आणि मालकाला याचा पत्ताच नाही. ज्यानं हे लिहिलं त्याला एकदा बीडला बोलावून आमच्या गल्लीतल्या दारांवर उभं करावं असं मला वाटलं.

पण खरी धडकी वेगळ्याच गोष्टीची होती. नसलेली फाईल ही लायब्ररी तयार करते. मग असलेल्या फायलीचं ती काय करते? तिच्यावरही रिकामी फाईल ठेवते की काय? त्याबद्दल माहितीपत्रिकेत एक अक्षर नव्हतं. आई आहे का हे विचारण्याच्या नादात मीच तिला पुसून टाकलं असेल, हा विचार डोक्यात आला. उघडून बघायला गेलो तर उरलंसुरलंही पुसेन, या भीतीनं मी सर्व्हरला पुन्हा हात लावला नाही, आणि पुढचे दोन दिवस मला पेढ्याच्या रिकाम्या डब्याकडं बघवेना.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून पत्र आलं. तुम्ही आमच्या सर्व्हरवर विनापरवाना त्रेचाळीस रिकाम्या फायली ठेवल्याचं निदर्शनास आलं आहे. त्यांपैकी एकीचं नाव 'किसणी' आणि एकीचं 'धर्मराज यांच्या सासऱ्यांचे गाणे' असं आहे. यामागील हेतू काय, याचा लेखी खुलासा करावा. तोवर आपला प्रवेश बंद करण्यात येत आहे. सोबत उरलेल्या एक्केचाळीस रिकाम्या फायलींचे नंबर जोडले होते. मी बोट ठेवून खाली खाली आलो. एकशे नव्वद, दोनशे तीन, दोनशे सतरा.

मी त्या आकड्यावरून बोट उचललंच नाही. बाकीच्या फायली वाचल्या म्हणजे हिलाही धक्का लागला नसेल असं डोकं सांगत होतं, पण ती आधीपासून नव्हती, की माझ्या विचारण्यानं रिकामी झाली, हे आता कुणालाच छातीठोक सांगता येणार नव्हतं.

धर्मराजकाकांना खुलासा म्हटलं की तरतरी येते. त्यांनी तीन पानी मसुदा केला. त्यात 'किसणी हे आमचे घरगुती उपकरण असून ते आपल्या कार्यालयात ठेवण्याचा आमचा कोणताही इरादा नव्हता' असं एक वाक्य होतं. सासऱ्यांवर अर्धं पान खर्च झालं होतं, त्यात त्यांची वंशावळही होती. मी खाली मान घालून सही केली. वीस वर्षं लोकांच्या अर्जांतल्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या किसणीचा खुलासा द्यावा लागला, आणि तोही माझ्याच एका विद्यार्थ्याच्या दुकानातून स्कॅन करून.

ऋतुजा रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "बाबा, तुम्ही आजीला आवाज आणतो म्हणून सांगितलंय."

"माहीत आहे."

"मग आता फोनवर सांगणार?"

ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नव्हती. मुदतीला दोन दिवस उरले होते. आम्ही दोघं सकाळी सकाळी स्कूटरवर बसलो आणि पालीला निघालो. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. 'आई, तांत्रिक अडचण आली' इथपासून सुरुवात केली होती. पाली येईपर्यंत ते 'आई, माझ्या हातून गेला' इथवर आलं होतं.

आई घरात नव्हती. धुळाजीनानांच्या वाड्यावर होती. वाडा म्हणजे मेंढरांचा, काटेरी कुंपणाचा. नाना मेंढरं चरायला काढायच्या आधी कोकरं सोडत होते. सगळीकडं नुसता कल्लोळ चालला होता. विषय टाळायचा म्हणून मी तोंडाला येईल ते बोललो. "नाना, किती झाली यंदा मेंढरं?"

माझ्या दंडावर सणकन चापटी बसली. मागं आई उभी होती. नानांनीही माझ्याकडं असं बघितलं की जणू मी वाड्यात पायताणासकट देवाच्या पुढं उभा राहिलोय.

"लई शिकलास का रं?" नाना म्हणाले. "धनगराच्या पोटचा अन् मेंढरं मोजाय निघाला. दिस्ट लागती, कळत न्हाई?"

"पण नाना," ऋतुजा म्हणाली, "मोजलं नाही तर एखादं हरवलेलं कसं कळतं?"

"मोजून काय कळतंय? हे बघ." नानांनी काठी पुढं केली. "कोकरं सोडली का न्हाई? ज्याचं त्ये आपल्या आईकडं गेलं. आता मी नुस्तं मधी बघतो. ज्याला कुठंच जागा घावत न्हाई, ते मधी उभं ऱ्हातं. एकेकाला हाका मारत कशाला बसायचं? सगळी म्होरं सोडायची अन् उरलं कोण ते बघायचं."

आई अजून माझा दंड धरून होती. दुसऱ्या हाताचं बोट माझ्यापुढं नाचवून तिनं 'पुन्हा मोजशील का?' असं विचारलं. आणि ते बोट बघताना मला एकदम वीस-एकवीस वर्षांपूर्वीची तीच आई दिसली, त्याच जागेवर. मी कॅसेटच्या चिठ्ठीवर नंबर घालायला पेन टेकवलं होतं आणि आईनं माझा हात धरला होता. "मला लंबर लावू नगंस. माणसाला मोजत न्हाईत." पुण्याच्या मंडळींसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. रजिस्टरमध्ये नंबर आधीच छापलेले होते, त्यामुळं तिथं दोनशे सतरासमोर तिचं नाव मी चोरून लिहिलं. पण कॅसेटवरच्या चिठ्ठीवर नंबर घातलाच नाही. आणि पुण्यात संगणकावर चढवणाऱ्यांनी रजिस्टर कुठं बघितलं होतं? त्यांच्या हातात फक्त कॅसेटी होत्या.

म्हणजे दोनशे सतरा नावाची फाईल कधी नव्हतीच! माझा प्रोग्रॅम नंबर घेऊन हिंडला, आणि जिला नंबरच नाही तिच्यापर्यंत पोचलाच नाही. म्हणजे कदाचित त्यानं तिला हातही लावलेला नव्हता.

कचेरी साडेदहाला उघडणार होती. दहा पस्तीसला मी वाड्याच्या कुंपणाला टेकून पुण्याला फोन लावला. करिष्मा नावाच्या बाईंनी उचलला. मी नाव सांगितलं.

"म्हणजे किसणीवाले तुम्हीच का?"

"हो," मी म्हणालो. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मॅडम, मला एक फाईल…"

"नंबर सांगा."

"तिला नंबर नाही."

"मग तशी फाईल नसेल."

मी तोंड उघडलं आणि मला धर्मराजकाका आठवले. "नसेल कशी, मॅडम? नंबर नसलेली कॅसेट तुम्ही कुठं ठेवलीय, तेवढं सांगा. सगळ्या फायली एकदम काढा आणि कुठल्याच नंबरात न बसणारी कोण उरते ते बघा."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मेंढरं वाड्याबाहेर पडत होती, आणि मी एका कानात बोट घालून उभा होतो. ऋतुजानं माझी बाही धरली होती.

"एक आहे," करिष्माबाई म्हणाल्या. "सगळ्यात खाली पडलीय. सहा मिनिटांची. नावात नुसतं 'आई' लिहिलंय."

बाईंनी दोनदा हॅलो हॅलो केलं. मग त्यांचा आवाज जरा बदलला. "तुमचीच आई आहे का ही? ठीक आहे, पाठवते व्हॉट्सअॅपवर. फॉर्म नंतर भरा. आणि हे बघा, तुम्ही आता दुसरं काही विचारू नका."

आम्ही घराच्या ओट्यावर बसलो. ऋतुजानं फोन आईच्या मांडीवर ठेवला आणि बटण दाबलं. आधी खरखर आली. मग एक बाई शुद्ध भाषेत गाणं म्हणायचा आग्रह करत होत्या, आणि त्यानंतर आईचा आवाज आला. "मला न्हाई येत गानंबिनं. मला कावून लाजवता? मेंढरं बोलवून दावू का?" आणि तिनं हाळी दिली. फोनच्या एवढ्याशा भोकातून ती हाळी अशी निघाली की चुलीजवळची मांजर उठून बाहेर गेली. मी नक्कल केली होती तसं त्यात काहीच नव्हतं. ऋतुजा आजीकडं बघत राहिली. आजी फोनकडं बघत होती. तिचे ओठ हलत होते आणि आवाजाच्या बरोबर हलत होते, सोळा वर्षांत ती एक शब्द विसरली नव्हती.

हाळी संपली. मंडळी निघायच्या तयारीला लागली असावीत, मशीन बंद करायचं राहून गेलं होतं. भांड्यांचा आवाज आला. मग लांबून, आतल्या घरातून, आई हाका मारत होती.

"सोमाऽ… ए सोमा रंऽ… हायस का तिथं?"

कुणी ओ दिली नाही. नुसता वारा वाजत होता.

"सोमाऽ… भाकर केलीया. दोन घास खाऊन जा की रं. हायस का?"

पुन्हा काही नाही. आणि मग अगदी माईकजवळ एक तरुण आवाज बोलला. इतका स्वच्छ, इतका पुणेरी, की तो कुणाचा हे मला क्षणभर कळलं नाही. "मॅडम, आपण पुढच्या घरी जाऊ या. उशीर होतोय." आणि फाईल संपली.

तो मीच होतो, आणि यातलं मला काहीही आठवत नव्हतं. तेव्हा मी मशीनपाशीच उभा होतो, आईपासून दहा पावलांवर. ऐकू आलंच असणार, पलीकडच्या काठाला ऐकू जायचं तिथं मला कसं येणार नाही? पण ज्याला धनगराच्या घरातून भाकरीला हाक येते तो मुलगा त्या मंडळींसमोर मला व्हायचं नव्हतं. मला लाज वाटली, आणि त्या वेळी जितकी वाटली असेल त्याच्या कितीतरी पट आज वाटली. ऋतुजा माझ्याकडं बघत होती आणि मला तिच्याकडं बघता येईना.

आईनं मात्र बोट फिरवून खूण केली. पुन्हा लाव.

पुन्हा खरखर, पुन्हा हाळी, पुन्हा भांडी. "सोमाऽ… ए सोमा रंऽ… हायस का तिथं?"

"हाय गं आई," मी म्हणालो. "हितंच हाय."

आईनं फोनवरची नजर उचलून माझ्याकडं बघितलं. मग पदर खोचून ती आत गेली. टोपल्यातली भाकर काढून तिच्यावर ठेचा आणि कांदा ठेवला, ताट माझ्यापुढं सरकवलं, आणि मी पहिला घास घेईपर्यंत समोरून हलली नाही.